घुमटाखालचा चहा

लंडनच्या सेंट पॉल प्रार्थनामंदिरांत वाटाड्यामागून तास-दीड तास फिरावें, मान वर करकरून घुमट पाहावा आणि दमल्यावर दुपारचा चहा घ्यावा, असा अनेक प्रवाशांचा परिपाठ आहे. चहाचा त्या मंदिराशीं संबंध काय, असें कोणीहि विचारील. मला तर तो फार जवळचा वाटतो.

१६६६ च्या आगींत जुनें मंदिर जळालें. नवें उभारण्यास पैसा कोठून आणावयाचा? १६७० सालीं पार्लमेंटानें लंडनला येणाऱ्या कोळशावर कर बसविला व त्याचा एक हिस्सा या कामास दिला. उमरावाची शेगडी असो कीं धोबिणीची चूल, प्रत्येकीनें बांधकामास हातभार लावला. गादीवर तेव्हां दुसरा चार्ल्स होता. त्याच्या ज्या राणीच्या आंदणांत १६६१ च्या तहानें आपली मुंबई इंग्रजांस मिळाली, त्या कॅथरिननेंच इंग्रज दरबारास चहाची गोडी लाविली. पुढें तें पेय घरोघर गेलें. आधण अर्थातच कोळशावर!

क्रिस्टोफर रेननें १६७५ पासून १७१० पर्यंत हें काम केलें. घुमट दिसतो एक, पण आहे तिहेरी : आंतला विटांचा, बाहेरचा शिशाच्या पत्र्यानें मढविलेला लांकडी, आणि मध्यें खालून कोणास न दिसणारा विटांचा शंकु. माथ्यावरील दगडी मनोऱ्याचा भार हा शंकुच वाहतो.

ज्या कोळशानें मंदिर उभें केलें, त्याच्याच धुरानें त्याचा पांढरा पोर्टलंड दगड काळा केला. पंधरा वर्षें चाललेली सफाई २०११ सालीं संपली. रेन तळघरांत साध्या शिळेखालीं निजला आहे. वाटाड्या तेथें क्षणभर थांबतो; मग मंडळी चहाला जातात.