तोटा कोणाच्या पदरी?

लोणंदच्या बाजारातला कांदा वाळवून त्याची पूड विकावी, असा बेत एखाद्या तरुणाने केला, की जागा, यंत्र आणि भांडवलाच्या हिशेबानंतर सीए त्याला हमखास विचारतो: धंदा एकट्याच्या नावावर, भागीदारीत, की प्रायव्हेट लिमिटेड? ही नावे वरवर रुक्ष वाटतात. त्यांच्यामागे मात्र एकच जुना प्रश्न उभा आहे: धंदा बुडाला तर तोटा कोणी सोसायचा? त्याचा माग काढत आपण बरेच मागे जाऊ.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात, सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या लेखात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३००० कार्षापण नाण्यांची कायम ठेव ठेवल्याची नोंद आहे. २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर पाऊण. व्याजातून भिक्खूंच्या वस्त्रांचा आणि इतर खर्च भागायचा. मुद्दल परत मागायचे नव्हते. विणकर येतील आणि जातील, श्रेणी मात्र टिकेल, हा विश्वास त्या दगडात कोरलेला आहे. सभासदांपेक्षा दीर्घायुषी अशा संस्थेची ही कल्पना आजच्या कंपनीची विसरलेली पूर्वज म्हणावी लागेल. याज्ञवल्क्यस्मृतीने मिळून व्यापार करणाऱ्यांचा नफातोटा गुंतवलेल्या द्रव्याप्रमाणे किंवा ठरलेल्या कराराप्रमाणे वाटावा असे सांगितले. तिच्यावर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचे तिचे नियम पुढे घराण्यांच्या पेढ्यांना आधार झाले. तिथे विश्वासाची सीमा रक्ताच्या नात्यापाशी होती.

अनोळखी माणसांचे पैसे एकत्र आणायचे, तर ही सीमा ओलांडणे भाग होते. १८५० मध्ये भारतात कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा आला, पण भागधारकाची जबाबदारी अमर्यादच राहिली. १८५७ च्या कायद्याने, बँका आणि विमा वगळून, ती घेतलेल्या भागांपुरती मर्यादित करता येऊ लागली. एखाद्याने घातले तेवढेच बुडावे, घरदार राहावे, हे या प्रवासातले मोठे वळण. भागीदारीला १९३२ मध्ये स्वतंत्र कायदा मिळाला; तिथे भागीदाराची जबाबदारी अमर्यादच राहिली. भागीदारीकडून कंपनीकडे जाण्याचा हा बदल आपल्याच मुलखात पाहता येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे भाऊ रामुअण्णा जोडीला आले. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने लोणंदवरून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला. १९२० मध्ये त्या भावांच्या उद्योगाची ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ झाली. नात्यातून सुरू झालेल्या कामात आता परक्यांचेही भांडवल येऊ शकत होते.

तरी लहान माणूस बाहेरच राहिला होता. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वाट दिली. सहकाराचे तत्त्व आणि कंपनीची चौकट एकत्र आणणारी उत्पादक कंपनी २००२ च्या दुरुस्तीने आली. दहा शेतकरीही ती काढू शकतात. २००८ च्या कायद्याने भागीदारीला मर्यादित जबाबदारी जोडून एलएलपी घडवली, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी होऊ दिले.

लोणंदच्या तरुणासमोरची यादी अशी शतकानुशतके घडत आली आहे. एकट्याची मालकी सोपी आणि स्वस्त, पण धंद्याचे देणे थेट त्याच्या घरावर येते. भागीदारी करायची तर करारनामा लिहून फर्मची नोंदणी करावीच. नोंदणी नसलेल्या फर्मला ग्राहकाकडच्या येण्यासाठी करारावर दावा लावता येत नाही. कंपनी घराला कवच देते, पण बँकेने कर्जासाठी वैयक्तिक हमी घेतली की त्या कर्जापुरते ते कवच गळून पडते. शिवाय दरवर्षीची विवरणपत्रे आणि लेखापरीक्षणाचा खर्च असतो. उद्यम नोंदणी, अन्नपदार्थाचा परवाना, गरजेप्रमाणे जीएसटी हे सारे या निर्णयानंतरचे. म्हणून कागद भरण्याआधी त्याने घरच्यांसह आणि भागीदारांसह बसून तोट्याचा वाटा ठरवावा. नफ्याच्या वाटणीइतकाच तोही याज्ञवल्क्याला लिहून ठेवण्याजोगा वाटला होता, आणि ज्या धंद्यात तो आधी ठरतो, त्यातली माणसे वाईट दिवसांतही एकमेकांची राहतात.