निम्मा की तिसरा हिस्सा?

शंकूचे घनफळ शिकवण्याआधी वर्गाला नुसता अंदाज करायला सांगून पाहा. तोंड तेवढेच आणि उंचीही तेवढीच असलेली वृत्तचिती भरायला हा शंकू किती वेळा रिता करावा लागेल? ‘दोनदा’ हे उत्तर हटकून येते. शिक्षकांच्या शिबिरांतही आम्ही ते ऐकले आहे. त्रिकोण आयताच्या निम्मा, मग शंकूही निम्माच असणार!

या उत्तराला हसू नये. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त त्रिकोणी पायाच्या सूचीचे घनफळ पाया व उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे सांगितले आहे. त्याच श्लोकाच्या पूर्वार्धात त्रिकोणाचे क्षेत्रफळ आहे. चूक कोठून आली असावी हे ओळखायला फार खोल जायला नको. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये बरोबर एक-तृतीयांश सांगितले, पण कारण दिले नाही. ग्रीसमध्ये त्याच्या कितीतरी आधी डेमोक्रिटसने ते सांगितले होते आणि युडॉक्ससने सिद्ध केले होते. सिद्धतेविना का होईना, पहिल्यांदा सांगणाऱ्यालाही श्रेय द्यावे, असे आर्किमिडीजने आवर्जून लिहून ठेवले आहे.

या एक-तृतीयांशाचा व्यवहारातला उपयोग पाहायचा तर भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (११५०) उघडावी. त्यात धान्याच्या राशीचे गणित आहे. सपाट जमिनीवर ओतलेली रास म्हणजे शंकूच. तिच्या पायथ्याचा परिघ दोरीने मोजा, त्याच्या सहाव्या भागाचा वर्ग करा आणि उंचीने गुणा, झाले घनफळ! यात तिसरा हिस्सा गेला कोठे? पाय ३ धरला की परिघाचा सहावा भाग म्हणजे त्रिज्या. आणि सूत्रातला ३ व एक-तृतीयांश एकमेकांना खाऊन टाकतात. परिघ ६० हात व उंची ६ हात असेल तर उत्तर ६०० घनहात येते. पायची नेमकी किंमत घेतली तर सुमारे ५७३ येते. भास्कराचार्यांना अधिक अचूक किंमत ठाऊक होती, ती याच ग्रंथात आहे. खळ्यावर ३ पुरेसे मानले असावे. उरलेले २७ घनहात कोणाच्या पदरात पडत असतील, हे मुलांना जरूर विचारावे.

उंची तरी कशी मोजणार? राशीत काठी खुपसायची गरजच नाही. जाड धान्याची उंची परिघाचा दहावा भाग, बारीक धान्याची अकरावा आणि कुसे असलेल्या धान्याची नववा, असे तेथे दिले आहे. कुसे एकमेकांत अडकतात, म्हणून रास उभट राहते. आम्ही हिशेब केला तेव्हा उतार अनुक्रमे सुमारे ३२, ३० आणि ३५ अंशांचा आला. ज्वारी, राजगिरा आणि कुसांसकट गहू यांच्या राशी वर्गात ओतून, दोरी व पट्टी घेऊन हे आकडे पडताळता येतील.