लाकूड मोजलं, कष्ट कोणी मोजले?

आज आम्ही तुम्हाला एका चुलीचा इतिहास सांगणार आहोत. ही चूल आपल्याकडची नाही. ती युरोपच्या उत्तरेकडच्या स्वीडन देशातली आहे, आणि गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची आहे. इतक्या लांबची गोष्ट आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. पण सरपण कमी लागावं म्हणून एका सरकारनं तिथं जाणत्या माणसांना कामाला लावलं होतं. ते का लावलं आणि त्याचा फायदा आधी कुणाला झाला, हे आपल्या बचत गटांनी ऐकण्यासारखं आहे.

स्वीडनमध्ये हिवाळा कितीतरी महिने चालतो. बाहेर बर्फ, दिवस लहान, रात्र मोठी. तिथं विस्तव फक्त भाकरीपुरता नसतो. घर ऊबदार राहिलं नाही तर माणूस जगत नाही. पूर्वी बहुतेक घरांत भिंतीपाशी उघडी चूल असायची आणि वर धुराडं. जाळ मोठा दिसायचा, पण बरीचशी ऊब धुराबरोबर सरळ आभाळात जायची. विस्तव विझला की खोली लगेच गार. म्हणून पुन्हा लाकूड, पुन्हा जाळ.

जंगल अफाट, तरी सरपणाची काळजी पडली. कारण त्या काळी स्वीडनचं लोखंड परदेशात मोठ्या प्रमाणावर विकलं जायचं. लोखंड गाळायला कोळसा लागायचा आणि तो लाकूड जाळूनच करायचा. म्हणजे एकाच लाकडाला दोन गिऱ्हाइकं झाली, घरातली चूल आणि लोखंडाची भट्टी. देशाची कमाई भट्टीवर होती. मग सरकारनं ठरवलं, चुलीचं लाकूड कमी करा.

हे काम दोघांकडे आलं. कार्ल यूहान क्रोनस्टेट हे वास्तुरचनाकार होते आणि फाबियान व्रेडे हे लष्करातले सरदार. १७६७ साली त्यांची नवी रचना लोकांपुढे आली. तिला तिकडे काकेलुग्न म्हणतात, म्हणजे फरशांची भट्टी. पुढे १७७५ साली लाकूड वाचवणाऱ्या निरनिराळ्या चुलींची वर्णनं क्रोनस्टेट यांनी पुस्तकातून छापली. माहिती छापली गेली, म्हणून ती इतर कारागिरांपर्यंतही गेली.

आता ही भट्टी चालते कशी, ते बघू. आपल्या चुलीला बाजूला वैल असतो ना? पुढच्या जाळावर भाकरी होते आणि वैलावर आमटी नाहीतर पाणी तापतं. वैलाला वेगळं लाकूड लागत नाही. वाया जाणारी धग तिथं कामाला येते. काकेलुग्नमागचा विचार हाच आहे, फक्त फार लांबवर नेलेला. जमिनीपासून जवळपास छतापर्यंत विटांचं भरीव बांधकाम, बाहेरून चकचकीत फरशा, आणि आत धुराला नागमोडी वाट. गरम धूर आधी वर जातो, मग बाजूच्या पोकळीतून खाली येतो, पुन्हा वर चढतो आणि शेवटी धुराड्यात शिरतो. एवढ्या फेऱ्यांत तो आपली ऊब विटांना देऊन जातो. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली दगडी भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते, तसंच हे. सकाळी एकदा आणि फार थंडी असली तर संध्याकाळी एकदा, वाळलेल्या फोडलेल्या लाकडाचा जाळ करायचा. हवा भरपूर द्यायची, म्हणजे जाळ कडक होतो आणि धूरही कमी होतो. विस्तव विझला तरी विटा कितीतरी तास ऊब देत राहतात.

एक धोका मात्र होता. विस्तव पुरता विझला की ऊब निघून जाऊ नये म्हणून धुराड्याची झडप बंद करायची. निखारे धगधगत असताना ती लावली तर विषारी वायू खोलीत साठतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतच माणूस जातो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात आणि वारा नको म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. तिथंही हाच वायू तयार होतो. शेगडी आत असेल तर खिडकी उघडी ठेवायची आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढायची. एवढं तरी आज घरी जाऊन सांगा.

आता मुद्द्याचं. ही भट्टी आधी कुठं बसली? राजवाड्यांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत. मग शहरातल्या मध्यम घरांत. खेड्यांत ती पोचायला एकोणिसावं शतक उजाडलं. श्रीमंतांच्या घरी लाकडं आणायला, पहाटे जाळ करायला आणि राख काढायला मोलकरणी असायच्या. आणि खेड्यातली बाई एकोणिसाव्या शतकात लोखंडी चूल येईपर्यंत उघड्या चुलीपुढेच रांधत राहिली. बैठक आधी ऊबदार झाली, स्वयंपाकघराची पाळी नंतर आली.

असं का झालं? सरकारनं लाकूड मोजलं होतं, कारण लाकडाला भट्टीचं गिऱ्हाईक होतं. बाईच्या डोक्यावरची मोळी, तिचे डोळे, तिचा वेळ कुणी मोजला नव्हता. जे मोजलं जातं, त्याचाच उपाय आधी शोधला जातो.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम करणाऱ्यांनी मगनचूल घडवली. १९८३ साली केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुष्कळ चुली बसल्या, पण पुष्कळ बंदही पडल्या. धुराड्यात काजळी साचली, चुलीला तडा गेला, आणि दुरुस्त करणारा गावात कुणी नव्हता. स्वीडनमध्ये भट्टी बांधणं हा कारागिरांचा धंदा होता आणि धुराडी साफ करणाराही ठरलेला होता. नुसती चूल बसवून भागत नाही, तिला सांभाळणारा हात लागतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस आला, हे चांगलंच झालं. तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून कितीतरी घरांत चुलीवरच होते.

गटाच्या बैठकीत शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज मागितलं की आपण लगेच हो म्हणतो. चुलीसाठी मागितलं की विचारतो, त्यातून कमाई काय? तर हिशेब करू. समजा एका बाईचे सरपणापायी रोज दोन तास जातात. महिन्याचे झाले साठ. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवसांची मजुरी. चांगल्या चुलीनं त्यातले निम्मे तास जरी वाचले, तरी ती कमाई नाही तर काय?

म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. येत्या आठवड्यात प्रत्येकीनं सात दिवस लिहून ठेवा, सरपणाला किती वेळ गेला आणि किती लाकूड जळलं. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशानं रेघा ओढा. पुढच्या बैठकीत सगळ्यांचा आकडा एकत्र करून कर्जाच्या वहीशेजारी ठेवा. आणि गटातल्या एका-दोघींनी चूल बांधायचं आणि दुरुस्तीचं काम शिकायचं का, तेही त्याच बैठकीत ठरवा.