आधी पाणी काढा, मग रस उकळा

संक्रांत जवळ आली, की भिवंडी, कल्याण, ठाण्याच्या किराणा दुकानांत गुळाची मागणी वाढते. ग्राहक गुळाचा रंग पाहतो, चव घेतो आणि 'कोल्हापुरी' आहे ना, याची खात्री करून घेतो. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काचे ठिकाण मिळाले. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही लाभले. तथापि, गूळ करण्याची मूळ रीत फारशी बदललेली नाही. गूळ करणे म्हणजे मुख्यत्वे रसातील पाणी घालवणे होय. हे पाणी सगळेच आगीने घालवायचे, की काही भाग आगीआधीच काढून टाकायचा, हा या व्यवसायापुढील कळीचा प्रश्न आहे.

शंभर किलो रसाचा हिशेब

चरकातून निघणाऱ्या उसाच्या रसात सर्वसाधारणपणे १८ ते २० टक्के विद्राव्य घटक असतात; त्यात साखरेचा वाटा सर्वाधिक. हे प्रमाण 'ब्रिक्स' या एककात मोजतात. २० ब्रिक्सचा १०० किलो रस घेतला, तर त्यातून ढोबळमानाने २१ किलो गूळ मिळतो आणि ७९ किलो पाणी वाफ होऊन जाते. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. पारंपरिक गुऱ्हाळात ही सारी उष्णता चुलवाणात जळणारे उसाचे चिपाड पुरवते.

रस काहिलीत तापू लागला, की भेंडीच्या चिकाचे पाणी व चुन्याची निवळी घालून वर आलेली मळी काढली जाते. पुढे पाक दाटत जातो. १०५-१०६ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवला, तर काकवी होते. ११६ ते ११८ अंशांपर्यंत नेला, तर ढेपेचा घट्ट गूळ होतो. नेमकी वेळ ओळखणे हे गुळव्याचे कसब, तर आग सांभाळणे हे जळव्याचे.

मेपलचा धडा

कॅनडातील क्वेबेक प्रांत आणि अमेरिकेचा ईशान्य भाग येथे मेपल वृक्षाच्या रसापासून पाक करतात. तो आपल्या काकवीचा दूरचा भाऊच म्हणावा लागेल. या झाडाच्या रसात साखर जेमतेम २ टक्के असते आणि पाक मात्र ६६ ब्रिक्सचा लागतो. म्हणजे १०० किलो रसातून तीनच किलो पाक हाती येतो आणि ९७ किलो पाणी उडवावे लागते. इंधनाचा हा भार असह्य झाल्याने तेथील उत्पादकांनी १९७० च्या दशकापासून उलट परासरणाचा, म्हणजेच घरगुती आरओ यंत्राच्या तत्त्वाचा, अवलंब सुरू केला. पंपाच्या दाबाने रस सूक्ष्म पटलावर लोटला जातो. पाणी पलीकडे जाते, साखर अलीकडे राहते. २ टक्क्यांचा रस ८ टक्क्यांपर्यंत दाट केला, तर १०० किलोंपैकी ७५ किलो पाणी आगीआधीच निघून जाते. उकळण्याचे काम जवळजवळ एक-चतुर्थांशावर येते.

उसाचा रस वेगळा का?

हेच यंत्र गुऱ्हाळात बसवले, तर? कागदावर लाभ मोठा आहे. २० ब्रिक्सचा रस ४० ब्रिक्सपर्यंत दाट केल्यास ७९ पैकी ५० किलो पाणी, म्हणजे सुमारे ६३ टक्के भार कमी होतो. अडचण दाबाची आहे. साखर जितकी अधिक, तितका पाणी पलीकडे ढकलण्यास लागणारा दाब अधिक. २ टक्क्यांच्या द्रावणाचा परासरण दाब वातावरणीय दाबाच्या दीडपट असतो. २० टक्क्यांचा सुमारे वीसपट, तर ४० टक्क्यांचा पन्नासपटीहून अधिक. समुद्राच्या पाण्याचा हाच दाब सुमारे २७ पट असतो. शिवाय उसाच्या रसातील मेण, डिंकासारखे पदार्थ व बारीक चोथा यांनी पटल लवकर चोंदते. त्यामुळे रस आधी काळजीपूर्वक निवळून घ्यावा लागतो आणि तोही झटपट, कारण उघडा रस काही तासांतच आंबू लागतो.

बर्फाची वाट

दुसरा मार्ग गोठवण्याचा आहे. रस थंड केला, की आधी पाण्याचा बर्फ होतो आणि साखर उरलेल्या रसात राहते. एक किलो पाण्याचा बर्फ करताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. वाफेच्या तुलनेत हे प्रमाण सातव्या हिश्शाइतके आहे. मुंबईच्या आयआयटीतील मिलिंद राणे व सिद्धार्थ जबडे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, उष्णता पंपाच्या साहाय्याने रस २० वरून ४० ब्रिक्सपर्यंत गोठवून दाट करण्याची आणि नंतरच काहिलीत उकळण्याची पद्धत मांडली होती. अर्थात बर्फासोबत थोडी साखर अडकून जाते, यंत्राला अखंड वीज लागते आणि हंगामापुरत्या चालणाऱ्या गुऱ्हाळाला भांडवली खर्च जड जातो.

चुलवाणातच बचत

तुलनेने स्वस्त उपायही आहेत. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या उष्णतेवर दुसरी काहील ठेवून पुढच्या आदणाचा रस तापवता येतो. काहिलीच्या तळाला पट्ट्या जोडल्यास उष्णता घेणारे क्षेत्र वाढते. साखर कारखान्यांनी तर एका भांड्यातील वाफेवर दुसरे भांडे उकळण्याची युक्ती केव्हाच आत्मसात केली; नॉर्बर्ट रिल्यू यांनी तिचे पहिले अमेरिकी पेटंट १८४३ मध्ये घेतले होते. उघड्या काहिलीची वाफ मात्र आजही हवेतच विरते.

चिपाड घरचेच असते, मग बचत कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. पण ताज्या चिपाडात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते दिवसेंदिवस वाळवावे लागते आणि अवकाळी पाऊस आला, की ऐन हंगामात जळण अपुरे पडते. मग लाकूड विकत घ्यावे लागते. काही भागांत रबर आणि प्लास्टिक जाळले जात असल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत. याउलट उरलेले चिपाड कागद गिरण्यांना किंवा वीजनिर्मितीसाठी विकता येते.

ग्राहकाचाही यात संबंध आहे. रस अधिक वेळ उकळला, की रंग गडद होतो आणि पिवळ्याधमक गुळाच्या हट्टापायी गंधकयुक्त हायड्रॉस पावडर वापरली जाते. गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दशलक्ष भागांत ७० भाग इतकी आहे. उकळण्याचा वेळ घटला, तर रंग गडद होण्यास वाव कमी राहतो. मात्र गुळाचा खमंगपणाही आगीतूनच येतो. म्हणून शेवटचा पाक काहिलीतच व्हावा लागेल. चुलवाण विझवायचे नाही. त्याच्यावरचा पाण्याचा बोजा तेवढा उतरवायचा आहे.