गॅस्केट : दोन धातूंमधली कडी

कुकरची रिंग जुनी झाली की कडेने वाफ फुसफुसू लागते, शिटी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. भांडे तेच, झाकण तेच, आचही तीच; बिघडलेली असते ती दोन धातूंमधली रबराची कडी. विमानाच्या इतिहासातही या कडीला असेच स्थान आहे. आपण जुहूपासून सुरुवात करू.

जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे तेथे उतरले. पावसाळ्यात हे मैदान वापरता येत नसे. मग विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. टाटांच्या पस मॉथ विमानाला एकच इंजिन होते. त्याचे चार सिलिंडर उलटे, डोके खाली करून बसवलेले. साहजिकच तेल खालच्या झाकणांकडे येई. तेथला सांधा सैल पडून तेल गळू लागले, तर मदतीला दुसरे इंजिन नव्हते.

तेलपंप, इंधनपंप, मॅग्नेटो असे भाग इंजिनावर बोल्टांनी बसवतात. धातूचे पृष्ठभाग कितीही घासले तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर डोंगरदऱ्या दिसतात आणि दाबाखालचे तेल या दऱ्यांतून वाट काढते. मध्ये कागदाचे किंवा बुचाचे मऊ गॅस्केट घालून बोल्ट आवळले, की ते दऱ्यांत शिरते आणि वाट बुजते.

ही कृती साधी दिसते, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. जुन्या गॅस्केटचे तुकडे पूर्ण काढायचे, मात्र धातूवर ओरखडा पडू द्यायचा नाही. ओरखडा म्हणजे नवी दरी. नवे गॅस्केट तेलाच्या भोकांशी जुळवून पाहायचे. उलटे बसले तर तेलाचा मार्गच बंद होतो. सांगितले असेल तेथेच सीलिंगचा लेप लावायचा आणि तोही पातळ. जास्तीचा लेप आत जाऊन भोके बुजवतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, ठरलेल्या बळाने आवळायचे. एकच बाजू आधी आवळली तर दुसरी उचलली जाते.

खाचेत बसणाऱ्या गोल रबरी कडीचे, म्हणजे ओ-रिंगचे, अमेरिकी पेटंट नील्स क्रिस्टेन्सन यांना १९३९ साली मिळाले. दुसऱ्या महायुद्धात ती विमानांत सर्रास वापरली गेली. तिचे मोल ५ मे १९८३ रोजी कळले. मायामीहून निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात तिन्ही इंजिनांच्या तेलातील धातुकण शोधणाऱ्या भागांना ओ-रिंगा बसवायच्या राहिल्या होत्या. एरवी हे भाग रिंगांसह तयार मिळत. त्या रात्री तसे नव्हते आणि मेकॅनिकांनी ते तपासले नाही. तेल गळून दोन इंजिने बंद पडली. आधीच बंद केलेले तिसरे पुन्हा सुरू झाले म्हणून १७२ जण सुखरूप परतले. चूक एकच होती, पण ती तिन्ही इंजिनांवर झाल्याने तीन इंजिनांचा आधारच नाहीसा झाला.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. रबरी रिंग असलेली झाकणाची बरणी पाण्याने भरून उलटी धरा. मग रिंगवर सुताचा एक धागा आडवा ठेवून झाकण लावा आणि पुन्हा उलटी करा. थेंब कोठून येतो ते मुलांनाच शोधू द्या. खरवडायचा राहिलेला जुन्या गॅस्केटचा तुकडा म्हणजे तोच धागा.