पाण्याचे ओझे कोणी वाहिले? घरगुती अक्वेरियम आणि त्याखालच्या घडवंचीचा इतिहास

१/
गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या खोलीतील काचपेटीचा तळ तडकला आणि सुमारे दीडशे लिटर पाणी जमिनीवर आले. मासे बादलीत वाचले. प्रबंधाच्या दोन प्रकरणांची हस्तलिखित टिपणे वाचली नाहीत. काच नवी होती, सांधे शाबूत होते. दोष होता तो खालच्या टेबलाचा. भुसा दाबून बनवलेली त्याची फळी ओलाव्याने फुगली होती आणि मध्यभागी वाकली होती.

नवे स्टँड स्वतः बांधायचे ठरवले, तेव्हा मनात एक प्रश्न आला. घरात काचेचे तळे ठेवण्याची ही कल्पना आली कोठून, आणि त्याचे ओझे पूर्वी कशावर पेलले जात असे? आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
आरंभी थोडे गणित. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशा पेटीत काठोकाठ १८२ लिटर पाणी मावते. त्यात काच, वाळू आणि दगड मिळवले की भार सहज सव्वादोनशे ते अडीचशे किलोंवर जातो. म्हणजे तीन-चार धडधाकट माणसे रात्रंदिवस एका टेबलावर उभी आहेत असे समजा. ती कधी खाली उतरत नाहीत. इतिहासात अक्वेरियमच्या काचेविषयी पुष्कळ लिहिले गेले, या भाराविषयी फार थोडे.

३/
मासे पाळण्याची हौस जुनी आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात (९६० ते १२७९) सोनेरी मासे तळ्यांत जोपासले जात. मिंग काळात (१३६८ ते १६४४) ते मातीच्या व चिनी मातीच्या कुंडांतून घरात आले. आपल्या दख्खनेतही कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र तेथील विनोद गळ टाकून मासे धरण्याचा आहे.

४/
या जुन्या जगात एक गोष्ट समान होती: मासा वरून पाहिला जाई. कुंड अपारदर्शक असल्याने ते जमिनीवर किंवा बुटक्या बैठकीवर ठेवले तरी पुरे. वरून पाहायचे तर पाणी जितके खाली, तितके सोयीचे.

माशाला बाजूने, त्याच्याच पातळीवरून पाहायचे असेल तर मात्र दोन गोष्टी हव्यात. पारदर्शक भिंत हवी, आणि पाणी माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर उचलून धरणारा आधार हवा. काचेने पहिली गरज भागवली आणि दुसरी निर्माण केली.

५/
या कथेतील पहिले मोठे नाव एका स्त्रीचे आहे. जान व्हिलप्र-पॉवर (१७९४ ते १८७१) ही फ्रान्सच्या खेड्यातून आलेली, पॅरिसमध्ये शिवणकाम करून नावारूपाला आलेली स्त्री. विवाहानंतर ती सिसिलीतील मेसिना येथे राहू लागली. अर्गोनॉट हा आठ बाहूंचा समुद्री जीव आपले नाजूक कवच स्वतः बनवतो की दुसऱ्या प्राण्याचे बळकावतो, असा तेव्हा वाद होता. तो सोडवण्यासाठी १८३२ च्या सुमारास तिने समुद्रजीव जिवंत ठेवून निरीक्षण करण्याच्या पेट्या तयार केल्या. कवच तो स्वतःच बनवतो, हे तिने दाखवून दिले.

६/
दुसरा धागा लंडनचा. नॅथॅनिअल वॉर्ड या डॉक्टरने १८२९ च्या सुमारास एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता. कोशापेक्षा बाटलीतील ओल्या मातीत आपोआप उगवलेले नेचे आणि गवत त्याला अधिक नवलाचे वाटले. त्यातून ‘वॉर्डियन केस’ ही काचेची बंद पेटी जन्मली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे जिवंत स्थितीत सिडनीला पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपे याच पेट्यांतून हिंदुस्थानात, हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी आणली. दिवाणखान्यातील हौस आणि साम्राज्याचा व्यापार ही एकाच पेटीची दोन रूपे होती.

७/
तिसरा धागा कराचा. ब्रिटनमध्ये सुमारे शंभर वर्षे काचेवर अबकारी कर होता आणि तो वजनावर आकारला जाई. त्यामुळे जाड काच ही श्रीमंतांची वस्तू होती. १८४५ मध्ये हा कर रद्द झाला. सहा वर्षांनी, १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसला सुमारे ३ लाख काचा बसवल्या गेल्या, यावरून बदलाची कल्पना येईल. मध्यमवर्गाच्या घरात जाड काचेची पेटी येण्याचा मार्ग या करमाफीने सुकर केला.

८/
आता अ‍ॅना थिन. १८४६ मध्ये तिने टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि ते तीन वर्षांहून अधिक काळ जगवले. समुद्राचे पाणी लंडनमध्ये वारंवार मिळणे अवघड होते. म्हणून तेच पाणी खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून हवेशी खेळवले जाई. हे कष्टाचे काम बऱ्याच अंशी घरातील मोलकरणीकडे होते.

विज्ञानाच्या इतिहासात थिनबाईंचे नाव राहिले. रोज ते पाणी उचलणारे हात निनावी राहिले. ओझे वाहणाऱ्यांचे हे असे विस्मरण टेबलापुरते मर्यादित नाही.

९/
लवकरच या कष्टावर उपाय सापडला. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये पेटीत दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. सडणारी पाने खाण्यासाठी गोगलगायी सोडल्या. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात, गोगलगायी स्वच्छता राखतात. या समतोलाचा वृत्तान्त त्याने १८५० मध्ये प्रसिद्ध केला. पाणी सतत बदलण्याची गरज उरली नाही. म्हणजे पेटी एका जागी कायमची भरून ठेवता येऊ लागली, आणि तिच्याखालचे टेबलही कायमचे भाराखाली आले.

१०/
१८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले. जगातील हे पहिले सार्वजनिक मत्स्यालय. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचा ‘द अक्वेरियम’ हा ग्रंथ आला आणि हा शब्द रूढ झाला. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता! ग्रंथाने इंग्लंडला अक्षरशः वेड लावले. रेल्वेने किनाऱ्यावर जाणे, खडकांतील डबकी धुंडाळणे, जीव गोळा करून घरी आणणे हा कौटुंबिक छंद झाला.

११/
त्या काळच्या पेट्या दोन तऱ्हेच्या. पहिली चौकोनी: तळाला पाटीच्या दगडाची लादी, दर्शनी बाजूला जाड काच. दुसरी स्वस्त आणि युक्तीची: माळी रोपांवर झाकतात ती काचेची घंटा उलटी करायची आणि तिची मूठ खरादावर कातलेल्या लाकडी बैठकीच्या खाचेत बसवायची. घरगुती अक्वेरियमसाठी मुद्दाम घडवलेल्या आधारांपैकी ही बैठक फार आरंभीची.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिडाचे ओतीव, वेलबुट्टीदार स्टँडही आले. ते दिसायला नाजूक, पण वजनाला भारी. टेबल नजरेत भरावे, भार मात्र नजरेत येऊ नये, ही त्या काळाची अभिरुची होती.

१२/
या वेडाची किंमत कोणी चुकवली? किनाऱ्याने. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात वडिलांच्या पुस्तकांचा हा परिणाम खेदाने नोंदवला: संग्राहकांच्या झुंडींनी खडकांतील ती समृद्ध डबकी ओरबाडून टाकली. ज्या माणसाने समुद्राचे सौंदर्य लोकांना दाखवले, त्याच्याच हातून त्याचा एक तुकडा उजाड झाला. १८६० च्या दशकात वेड ओसरले, पण पेटी घरात राहिली.

१३/
हिंदुस्थानात सार्वजनिक मत्स्यालय १९०९ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर उघडले. मुंबईला मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मिळाले. सुमारे ८ लाख रुपयांच्या त्या वास्तूसाठी २ लाखांची देणगी देणारे पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांचे नाव तिला दिले गेले. आपल्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांनी मासा प्रथम बाजूने पाहिला तो तेथेच.

१४/
विसाव्या शतकातील निर्णायक बदल मात्र चिकटपट्टीएवढ्या जागेत घडला. तोवर पेट्यांना लोखंडी कोनपट्टीची चौकट असे आणि काच लांबीने बसवलेली असे. १९६० च्या दशकात सिलिकॉनचा वापर सुरू झाला. काच काचेला थेट चिकटू लागली आणि चौकट नाहीशी झाली.

पेटी हलकी आणि देखणी झाली, पण तिचा सांगाडाही गेला. वाकण्या-पिळण्याला जो विरोध पूर्वी चौकट करी, तो आता खालच्या स्टँडने करायचा होता. माझ्या टेबलाला हे कोणी सांगितले नव्हते.

१५/
आता बांधणीकडे येऊ. येथे पहिला गुरू गॅलिलिओ. १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या ‘दोन नव्या विद्या’विषयक ग्रंथात त्याने दाखवले की तीच पट्टी सपाट ठेवण्यापेक्षा कडेवर उभी ठेवली तर अधिक भार सोसते. पुढील काळाने यात भर घातली: फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. म्हणून स्टँडच्या चौकटीतील लाकूड नेहमी कडेवर उभे ठेवावे. माझ्या मोडक्या टेबलाची फळी सपाट होती आणि मधोमध तिला काहीच आधार नव्हता.

१६/
दुसरा गुरू आपला वाडा. जुन्या वाड्यात तुळई खांबाच्या बाजूला ठोकलेली नसते. ती खांबाच्या माथ्यावर बसते. भार लाकडातून लाकडात, थेट खाली उतरतो. लाकूड तंतूंच्या दिशेने येणारा दाब फार उत्तम सोसते.

हौशी माणूस नेमके उलटे करतो. पाय चौकटीच्या आतून लावतो आणि स्क्रूंनी जोडतो. मग अडीचशे किलो त्या चार-आठ स्क्रूंवर लोंबकळतात. नियम एवढाच: वरची चौकट पायांच्या माथ्यावर टेकली पाहिजे. स्क्रूंनी सांधा जागेवर धरावा, भार वाहू नये.

१७/
वाड्याचा तिसरा धडा तळखड्याचा. लाकडी खांब जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत, म्हणजे ओल वर चढत नसे. अक्वेरियमपाशी पाणी सांडणारच. म्हणून पायांखाली रबराचे तुकडे द्यावेत, लाकडाला सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या टोकांना, वॉर्निश लावावे आणि वर जलरोधक प्लायवूड घालावे. भुशाची फळी कितीही गुळगुळीत दिसली तरी वर्ज्य.

१८/
चौथी गोष्ट डोलण्याची. उभा भार सोसणारे चार पाय आडव्या धक्क्याने पत्त्यांच्या बंगल्यासारखे कलू शकतात. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून पाठीमागे तिरकी पट्टी मारावी किंवा संपूर्ण प्लायवूड ठोकावे. तेवढ्याने स्टँड कमालीचे घट्ट होते.

पाचवी गोष्ट पातळी. स्टँड जागेवर ठेवून पाणसळ लावावी, पाचर द्यायची ती स्टँडखाली. पेटीखाली कधीच नाही. पेटी बिनचौकटीची असेल तर खाली थर्मोकोल किंवा फोमचा पातळ थर द्यावा. खालच्या कडांना चौकट असलेल्या पेटीला तो देऊ नये, कारण तिचा भार कडांवरच टेकायचा असतो. जुन्या कडीपाटाच्या मजल्यावर राहत असाल तर पेटी भिंतीलगत आणि कड्यांना आडवी ठेवा, म्हणजे भार अनेक कड्यांत वाटला जाईल.

१९/
माझे स्टँड दोन रविवारांत झाले. आई ते पाहायला आली आणि म्हणाली, “अरे, ही तर घडवंची!”

ती बरोबर होती. पाण्याने भरलेले हंडे आणि घागरी ठेवण्याची लाकडी चौकट, म्हणजे घडवंची, कितीतरी घरांच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. नळ आले आणि ती माळ्यावर गेली. पाणी जड असते, ते लाकडावर लाकूड ठेवूनच पेलावे, हे ज्ञान माझ्या पणजीच्या घरी होते. मला ते एक पेटी फुटल्यावर कळले.

२०/
अक्वेरियमचा इतिहास बहुधा काचेच्या आतून सांगितला जातो: कोणी शोधले, कोणी नाव दिले, आत काय पोहत होते. काचेखाली पाहिले तर दुसरीच माणसे दिसतात. पाणी ओतणारी ती मोलकरीण, बैठक कातणारा खरादी, वाड्याची तुळई बसवणारा सुतार. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाहीत; पण त्यांचे काम एक रात्र जरी चुकले असते, तरी वरचे सगळे जमिनीवर आले असते.

नव्या स्टँडवर पेटी भरून तीन आठवडे झाले. पाणसळीचा बुडबुडा अजून मधोमध आहे. टिपणे मात्र आता दुसऱ्या खोलीत ठेवतो.

तुमच्या घरी जुनी घडवंची असेल, तर तिचे सांधे जरूर पाहा आणि ते कसे आहेत हे येथे लिहा. पुढील थ्रेडसाठी ती सामग्री मोलाची ठरेल.