रूळ कुणाच्या पैशाने? ट्रामची कुळकथा

ट्रामचा जन्म 1832 चा धरतात. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये घोड्यांनी ओढलेला डबा रस्त्यातल्या रुळांवरून धावला. पण ते रूळ रस्त्याच्या वर डोकं काढून असत आणि इतर गाड्यांची चाकं त्यावर आपटत. 1861 मध्ये जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन नावाच्या अमेरिकनाने (आडनावही नेमकं हेच!) लंडनमध्ये असेच उंच रूळ टाकले. बग्गीवाल्यांनी एवढा ओरडा केला की ते उखडून टाकावे लागले. यावरचा तोडगा आल्फोन्स लूबा या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये त्याआधीच काढलेला होता. रुळाच्या माथ्यावर खोबण पाडायची, चाकाची कड त्या खोबणीतून फिरू द्यायची आणि रूळ फरसबंदीत असा बसवायचा की वरून रस्ता सपाटच राहील. बैलगाडीही त्यावरून बिनदिक्कत जाते. ट्राम गावात शिरू शकली ती या खोबणीमुळे, आणि तिथूनच तिच्या पैशाचा गुंताही सुरू झाला. रेल्वे आपली जमीन विकत घेते आणि तिला कुंपण घालते. ट्राम मात्र सगळ्यांच्या रस्त्यात महागडं लोखंड पुरते. रस्ता नगरपालिकेचा, लोखंड कंपनीचं आणि फायदा कडेच्या दुकानदाराचा. या तिघांचा हिशोब कसा बसवायचा हे ज्या शहराला जमलं तिथे ट्राम टिकली, असं तिचा इतिहास पाहून माझं मत झालं आहे. घोडा की वीज, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम.

मुंबईत 9 मे 1874 रोजी घोड्याची ट्राम सुरू झाली. पुढे कंपनीकडचे घोडे हजारावर गेले. त्यांचा दाणा, पागा आणि बदलीच्या जोड्या यांतच कमाई जिरे. 1905 मध्ये एका नव्या कंपनीने ही ट्राम विकत घेतली. त्या कंपनीच्या नावातच वीजपुरवठा आणि ट्राम हे दोन्ही धंदे होते. 7 मे 1907 ला विजेची ट्राम धावली. घरातले दिवे संध्याकाळी लागतात, ट्राम दिवसभर वीज खाते. म्हणजे वीजघराला दिवसाचं हुकमी गिऱ्हाईक मिळालं. पुढे 1947 मध्ये हा कारभार बेस्ट उपक्रम म्हणून महापालिकेकडे आला, तेव्हाही जोडणी तीच राहिली. बेस्टच्या वाहतुकीचा तोटा विजेच्या नफ्यातून भरायची पद्धत अनेक दशकं चालली, आणि अलीकडे तिच्यावर बंधनं आली तेव्हा बससेवा कशी धापा टाकू लागली ते मुंबईकरांनी पाहिलंच आहे. तिकिटावर सगळा खर्च भागतो हा भ्रम मुंबईने फारसा कधी बाळगला नव्हता, एवढंच यातून घ्यायचं.

सोलापूर शहरात ट्राम आली नाही. तिची सख्खी बहीण मात्र जिल्ह्यात आली आणि तिची गोष्ट मुंबईपेक्षा बोलकी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोचली, पण कापूस-गळिताची मोठी पेठ असलेली बार्शी मार्गाबाहेर राहिली. बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथपर्यंतचे वीसेक मैल माल बैलगाडीने जाई. जीआयपीत नोकरीला असलेल्या एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही फट हेरली. 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि 1897 मध्ये गाडी धावू लागली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. काल्थ्रॉपची खरी करामत वजनाच्या वाटणीत होती. इंजिन असो की वाघीण, एका आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. इंजिनाला चाकं वाढवून त्याने भार पसरवला, म्हणून एका यार्डाला 30 पौंड वजनाचा किरकोळ रूळही पुरला. रूळ हलका म्हणून पूल हलके, भराव कमी आणि भांडवलही आटोक्यात. आधी ठरावीक मालातून किती उत्पन्न येईल हे पाहायचं आणि मग तेवढ्यात बसेल असा मार्ग आखायचा, असा हा उलटा क्रम. 1906 मध्ये पंढरपूरचा फाटा झाला आणि कापसाच्या गाठींना वारकऱ्यांची जोड मिळाली. 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. कुर्डुवाडीला प्रत्येक गाठ छोट्या वाघिणीतून मोठीत चढवावी लागे, आणि नफा लंडनच्या भागधारकांकडे जाई, हे खरंच. तरी हा मार्ग 1954 मध्ये सरकारने घेईपर्यंत कंपनीच्या हाती चालला, कारण त्याची ऐपत आणि त्याची गरज यांचं माप एकच होतं.

ट्राम मेली ती मोटारीमुळे, असं सरसकट म्हणतात. अर्धंच खरं आहे. ब्रिटनच्या 1870 च्या ट्रामवे कायद्याने रुळांमधला आणि दोन्ही बाजूंचा दीड-दीड फूट रस्ता दुरुस्त ठेवण्याचा बोजा कंपनीवर टाकला होता. शिवाय 21 वर्षांनी नगरपालिका ती मालमत्ता घसाऱ्याच्या भावाने विकत घेऊ शके, मग शेवटच्या वर्षांत नवे डबे घ्यायला कंपनी कशाला हात सैल सोडेल? बस आली ती त्याच रस्त्यावरून, फरसबंदीचा एक दगडही न बसवता. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. कोलकात्याने चालू ठेवली, पण 2024 मध्ये तिथल्या सरकारनेही मैदानाचा एक वारसा-फेरा सोडून बाकी गुंडाळण्याचं जाहीर केलं.

आता ट्राम जुन्या पेठांना जीवदान देणारी म्हणून परतली आहे. फ्रान्समध्ये नांत शहराने 1985 मध्ये सुरुवात केली, ग्रनोबलने 1987 मध्ये, स्ट्रासबुर्गने 1994 मध्ये. पण त्यांच्या मागे 1970 च्या दशकातला एक कर होता: शहरातल्या कारखानदार-व्यापाऱ्यांनी पगाराच्या रकमेवर वाहतुकीसाठी ठरावीक टक्के द्यायचे. कामगार वेळेवर पोचतो, त्याचा लाभ मालकाला होतो, म्हणून मालकाने भरायचं. अमेरिकेतल्या पोर्टलंडने 2001 च्या ट्रामसाठी मार्गालगतच्या मालमत्ताधारकांवर विशेष आकार लावला आणि महापालिकेच्या वाहनतळांच्या उत्पन्नावर रोखे काढले. याउलट अटलांटात 2014 मध्ये आलेली छोटी ट्राम मोटारींच्या गर्दीतच अडकते आणि प्रवासीही बेताचेच. रूळ टाकला की पेठ आपोआप फुलते, असं मानणाऱ्यांनी ते उदाहरण जरूर पाहावं.

सोलापूरकर इथे विचारणार: चार-चार दिवसांनी पाणी येतं त्या गावात ट्रामच्या गप्पा कशाला? हरकत रास्त आहे आणि तिला टोलवून चालणार नाही. मात्र उजनी धरणाच्या समांतर जलवाहिनीसाठीही स्मार्ट सिटीच्या निधीला एनटीपीसी या वीजकंपनीच्या पैशाची जोड द्यावी लागली. पाणी ज्याला हवं त्याने वाटा उचलला. तत्त्व तेच आहे. शिवाय मार्गामुळे जमिनीची किंमत वाढते तेवढ्यावरच लावलेला आकार पाण्याच्या तरतुदीतून एक रुपयाही काढत नाही. महाराष्ट्रात याची सवय नाही असंही नाही: मुंबई, पुणे, नागपूरच्या मेट्रोसाठी मुद्रांक शुल्कासोबत मालमत्तेच्या किमतीच्या 1 टक्का अधिभार घेतला जातोच. दुसरी हरकत प्रवाशांची. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्येचं गाव, त्याला रूळ परवडेल का? आज नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी रुपये जाहीर झालेल्या नाशिकची मेट्रो निओ उभी राहिलेली नाही, हे समोर आहे. पण वाहतूक कुठून कुठे हवी हे मात्र गावाने स्वतःच ठरवून टाकलंय. कुंभारीच्या बाजूला आधी विडी घरकुल वसलं आणि जानेवारी 2024 मध्ये रे नगरच्या 15,000 घरांचा ताबा दिला गेला. कामगार गावाबाहेर गेले. नवी पेठ, स्टेशन आणि सिव्हिल हॉस्पिटल जागच्या जागी राहिलं. कुंभारी ते स्टेशन हाच मार्ग, राखीव मार्गिकेवर, आधी बसने चालवावा. बसची मार्गिका उद्या कुणीही पुसून टाकेल आणि रुळाचा भरवसा जमीनमालकाला जास्त वाटतो, हा युक्तिवाद तज्ज्ञ करतात. मुंबईचे रूळही उखडले गेलेच की. मार्ग टिकवतं ते त्याला बांधलेलं उत्पन्न.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सात उंच नंदीध्वज भर वस्तीतून मिरवत जातात. तिथे डोक्यावरच्या विजेच्या तारा चालायच्या नाहीत, ही तिसरी हरकत तंत्राची आहे आणि ती सुटलेली आहे. फ्रान्सच्याच बोर्दो शहरात 2003 पासून जुन्या वस्तीत ट्राम जमिनीतल्या पट्टीतून वीज घेते; डबा वर असेल तेवढाच तुकडा जिवंत होतो. महाग पडते, पण अशक्य नाही, आणि मानाच्या वाटेपुरतीच लागेल. न सुटलेली गोष्ट गिरणीच्या जमिनींची आहे. ज्यांच्या नावाने मुरारजी पेठ आहे त्या मोरारजी गोकुळदासांनी 1877 मध्ये काढलेल्या जुन्या मिलच्या जागेवर कधीच घरं आणि गाळे उभे राहिले. तिथली भाववाढ विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या खिशात गेली, पालिकेकडे उरला तो नेहमीचा घरपट्टीचा आकार. लाभ-आकाराची रेघ नकाशावर बांधकाम परवानगीच्या आधी ओढावी लागते. भूखंड पाडून विकले गेले की मागाहून आकार मागायचा तो गाळा घेतलेल्या लहान माणसाकडे, आणि तो कोर्टात गेला तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणून मार्गालगत अजून मोकळ्या असलेल्या मोठ्या जागांची यादी करणं हे महापालिकेचं पहिलं काम, बसगाड्यांची निविदा काढण्याच्याही आधीचं.